राग खरा, पत्ता चुकीचा

आजची गोष्ट अमेरिकेतली आहे, सव्वाशे वर्षांपूर्वीची. पण तिच्यातली उधारीची वही तुमच्या ओळखीची आहे.

तिथे दक्षिणेत जॉर्जिया नावाचं राज्य आहे. शेतकरी कापूस पिकवायचे. बी, खत, पीठ, कापड, सगळं दुकानदाराकडून उधार. तारण म्हणून येणारं पीक. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा आणि कापसाचा भाव उतरता. १८९४ साली तो पौंडाला पाच सेंटांच्या आसपास आला. हंगाम संपला तरी खातं फिटत नसे. शेतकरी गोरा असो की कृष्णवर्णीय, दोघांची गत तीच.

या रागातून 'पीपल्स पार्टी' उभी राहिली. तिच्या माणसांना पॉप्युलिस्ट म्हणत. १८९२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तिला दहा लाखांवर मतं पडली.

जॉर्जियातला तिचा पुढारी टॉम वॉटसन. तो गोऱ्या शेतकऱ्यांना सांगायचा, तुम्हाला एकमेकांपासून तोडलंय ते दोघांनाही लुटता यावं म्हणून. त्याच्यासाठी प्रचार करणाऱ्या एका कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाच्या जिवाला धोका झाला, तेव्हा गोरे शेतकरी बंदुका घेऊन राखणीला आले. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

पण पक्ष हरला, विस्कटला. काही वर्षांनी वॉटसन पुन्हा सभा गाजवू लागला. ऐकणारे तेच, त्यांचं दुःखही तेच. बोट मात्र आता दुसरीकडे होतं. कृष्णवर्णीयांचा मताचा हक्क काढा, असं तो सांगू लागला. पुढे कॅथलिक आणि ज्यू लोकांवरही त्याने विष ओकलं. १९०८ मध्ये राज्यघटना बदलून जॉर्जियाने बहुतेक कृष्णवर्णीयांचं मत हिरावलं. १९२० मध्ये वॉटसन सिनेटवर निवडून आला.

आणि गोऱ्या शेतकऱ्याला काय मिळालं? पिकावरची उधारी तशीच राहिली. शेजारी मात्र वैरी झाला.

मैत्रिणींनो, लोकांचा राग खोटा नव्हता. म्हणूनच तो कुणालाही वापरता आला. आपलं दुःख कुणी आपल्याहून चांगलं मांडलं, तर जरूर ऐकावं. मग बचतगटाच्या बैठकीत एकमेकींना विचारावं: हा माणूस आपल्याला हिशेबाची वही दाखवतोय, की शेजारणीचं दार?