सामूहिक वनसंवर्धन (गोंदिया जिल्हा)

गावाने ग्रामसभेमार्फत आपल्या पारंपरिक हद्दीतील जंगल राखणे, वापरणे व त्यातील गौण वनोपज विकणे, अशी व्यवस्था. गोंदियाचे जंगल सदाहरित वर्षावन नव्हे. ते साग, ऐन, बीजा, धावडा, मोह, तेंदू यांचे उष्ण कटिबंधीय शुष्क पानझडी वन आहे. उन्हाळ्यात पाचोळ्याने भरलेल्या या जंगलाला कुऱ्हाडीइतकेच भय वणव्याचे, आणि वणवा बहुधा माणूसच लावतो. म्हणून आग लागण्यात फायदा कोणाचा, हा इथला कळीचा प्रश्न. १९९२ पासूनच्या संयुक्त वनव्यवस्थापनात गावाकडे राखण आली, पण शेवटचा शब्द वनखात्याचाच राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने राखणीबरोबर उपजेची मालकीही ग्रामसभेला दिली. जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नसल्याने शेजारच्या गडचिरोलीसारखा ‘पेसा’चा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायत विस्तार कायद्याचा) आधार इथे नाही, सारी मदार वनहक्कावर.

मालकीने काय बदलते, ते तेंदूपानात दिसते. ठेकेदाराचा करार हंगामापुरता. कोवळी पाने भरघोस यावीत म्हणून खुटकटाई करणे (झुडपे बुंध्याशी छाटणे), आग लावणे त्याला परवडते. पहाटे पाने तोडून, घरी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून ते फळीवर (संकलन केंद्रावर) नेणाऱ्या कुटुंबाला मात्र पुढच्या वर्षीही त्याच झुडपांकडे जायचे असते. २०१३ पासून गोंदियासह विदर्भातील काही ग्रामसभा तेंदूची विक्री स्वतः करू लागल्या. त्यांतील अनेकींनी खुटकटाई आणि आग दोन्ही बंद केली. उपदेशाने हे क्वचितच साधले असते.

हाती पैसा आला की गाव जंगल विकून खाईल, हा आक्षेप कायदा न वाचताच घेतला जातो: इमारती लाकूड गौण वनोपजात मोडत नाही, आणि मोह, तेंदू, चारोळी उभ्या झाडाचेच देणे. वाघाचे काय, हा प्रश्न अधिक गंभीर. २०१३ मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचे जंगल तुकड्यातुकड्यांचे आहे. कान्हा, पेंच, ताडोबाकडे जाणारा वाघ अभयारण्याबाहेरच्या, गावांलगतच्या रानातूनच जातो. ते रान राखायला गाव सोबत हवेच. अर्थात वाघाने गावाचे जनावर मारल्यावर भरपाई रखडली, तर ही सोबत फार काळ टिकणार नाही. सर्वांत खरा आक्षेप बाजाराचा आहे. तेंदूचा भाव एका वर्षी चढतो, दुसऱ्या वर्षी कोसळतो, आणि एकाच उपजेवर विसंबलेल्या ग्रामसभेची शिस्त तेव्हा कसाला लागते. त्यावर उपाय मोह, हिरडा, बांबू यांचीही एकत्रित विक्री हाच. त्यासाठी लागणारा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार २०१२ च्या सुधारित नियमांनी ग्रामसभेच्याच समितीला दिलेला आहे.