भौमितिक रूपांतरणांचे आकलन

आकृती सरकवणे (स्थानांतरण), आरशातल्यासारखी पालटणे (परावर्तन), एका बिंदूभोवती फिरवणे (परिभ्रमण) आणि प्रमाणात लहानमोठी करणे (विस्तारण) ही शालेय भूमितीतील प्रमुख रूपांतरणे. फेलिक्स क्लाइन यांनी १८७२ मध्ये एर्लांगेन येथे, रूपांतरणानंतरही जे गुणधर्म टिकतात त्यांचा अभ्यास म्हणजे भूमिती, अशी मांडणी केली. शाळेत हा विषय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला.

मुलाची पहिली ओळख हाताने होते : कागदाची घडी, आरसा, ट्रेसिंग पेपर. पुढे आलेखकागद, निर्देशक, बीजगणिती नियम आणि आव्यूह येतात. प्रत्येक रूप काही दाखवते, काही झाकते. घडीत बिंदू आणि त्याची प्रतिमा घडीच्या रेषेपासून, म्हणजे परावर्तनाच्या अक्षापासून, सारख्याच अंतरावर असल्याचे लगेच दिसते. निर्देशकांत नियम स्पष्ट होतो, पण परिभ्रमणाचे केंद्र नजरेआड जाते.

अडचण सर्वांत ठळक दिसते ती तिरप्या अक्षाशी. डीटमार क्यूखेमान यांनी इंग्लंडमधील माध्यमिक विद्यार्थ्यांच्या चाचण्यांतून (१९८१) दाखवले की अक्ष तिरपा असला तरी अनेक मुले प्रतिमा सरळ आडवी किंवा उभीच सरकवतात. अक्षाला लंब दिशा त्यांच्या ध्यानात येत नाही. तोच कागद अक्षावर दुमडला की चूक त्यांची त्यांनाच सापडते.

फ्रेंच अभ्यासक रेमों द्युव्हाल यांच्या मते खरी कसोटी एका रूपातून दुसऱ्या रूपात जाण्याची आहे, आणि जाणे व येणे सारखे सोपे नसते. (x, y) → (−y, x) हा नियम दिला, तर (३, १) ची प्रतिमा (−१, ३) मांडणे सोपे. नुसत्या दोन आकृत्या पाहून ‘आरंभबिंदूभोवती घड्याळाच्या उलट दिशेने ९०°’ हे ओळखणे आणि त्यावरून नियम लिहिणे कितीतरी अवघड. वर्गात मात्र सराव बहुधा पहिल्याच दिशेचा होतो.

आणखी एक टप्पा उशिरा येतो : फक्त त्रिकोण हलत नाही, प्रतलातील प्रत्येक बिंदूला प्रतिमा असते. मार्कुस होहेनवार्टर यांच्या जिओजिब्रासारख्या सॉफ्टवेअरमध्ये बिंदू ओढत अक्षाकडे नेला की प्रतिमाही समोरून जवळ येते. अक्षावर दोन्ही एक होतात. स्थिर बिंदूची कल्पना इतकी जिवंत दुसरीकडे क्वचितच भेटते. पण सॉफ्टवेअर परावर्तन स्वतःच करून टाकते. म्हणून शिक्षकांनी आज्ञा देण्याआधी प्रतिमा कुठे पडेल हे विद्यार्थ्यांकडून कागदावर काढून घ्यावे.