विचारून बांधलेला दवाखाना

रौप्यमहोत्सवानिमित्त एक जुनी हकिकत सांगतो. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था काढली. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी गोंड आदिवासींनाच विचारलं. मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, नातेवाइकांना आत राहू देत नाहीत, असं लोक म्हणाले. म्हणून शोधग्रामात झोपड्यांसारखं, सोबतच्या माणसांचीही सोय असलेलं रुग्णालय उभं राहिलं. नाव दंतेश्वरी देवीचं!

गेल्या वर्षी आमच्या सौ.ला दवाखान्यात न्यायचं होतं, तर आपल्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेना. मुलांनी तिला खुर्चीत बसवून चार मजले उतरवलं. बांधताना आपल्याला कुणी विचारलं नाही, आपणही बोललो नाही. मंडळी, पुनर्विकासाचा नकाशा येईल तेव्हा सभेला या आणि बोला!