भरती नसलेला समुद्र

सांताक्रूझ पश्चिमेला जुहू तारा रोड ओलांडला की समोर समुद्र. त्याच उपनगरात कोणी घरी प्रवाळांची टाकी लावतो, तेव्हा मात्र या समुद्राचं थेंबभर पाणीही त्याला चालत नाही. आरओचं पाणी घ्यायचं, त्यात विकतचं मीठ मोजून विरघळवायचं, चिलर लावून ते पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवायचं आणि वर निळसर एलईडीचा उजेड सोडायचा. यात हौशी माणसाचा नखरा काही नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्यात सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो. २६ जुलै २००५ला तर एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. हे सगळं पाणी नाल्यांतला गाळ आणि मैला घेऊन किनाऱ्याला येतं, पाण्याची क्षारता घसरते. टाकीतला नाजूक जीव ते सोसणार नाही, हे उघड आहे. तरीही समुद्रफूल, म्हणजे सी अ‍ॅनिमोन, आणि प्रवाळ छोट्या टाकीत एकत्र नांदतील का, या जुन्या प्रश्नाचं उत्तर जो तो दिवे आणि पंपांच्या किमतीत शोधतो. या छंदाचा इतिहास पाहिला तर अडचण दिव्यांची कमी आणि भरती-ओहोटीची जास्त आहे, असं माझं मत आहे.

सुरुवात प्रवाळांपासूनच झाली. १८४६मध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून काही कठीण प्रवाळ लंडनला आणले. समुद्र दूर, पाणी तेवढंच. मग त्यांच्या घरची मोलकरीण रोज उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राही, अर्धा-पाऊण तास. पाण्यात हवा मिसळावी एवढाच हेतू. लाटेचं काम माणसाच्या हातांनी केल्याची ही बहुधा पहिलीच नोंद. पुढे १८५३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं, १८५४मध्ये फिलिप गॉस यांचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ निघालं आणि समुद्रफुलं ब्रिटिश बैठकीच्या खोल्यांत शिरली. हौशी लोकांनी किनारे खरवडून नेले. गॉस यांच्या मुलाने त्याबद्दल नंतर हळहळ व्यक्त केली. पण त्या काळातलं सर्वांत यशस्वी समुद्रफूल कोणतं? एडिंबरोतलं ‘ग्रॅनी’. जॉन डॅलिएल यांनी ते १८२८मध्ये किनाऱ्यावरून आणलं आणि ते १८८७पर्यंत जगलं. मूळ मालकाच्या पश्चात छत्तीस वर्षं. काचेच्या बरणीत, ताज्या समुद्राच्या पाण्यावर, अधूनमधून मिळणाऱ्या शिंपल्याच्या मांसावर. शेजारी प्रवाळ नव्हते. समुद्रफूल चिवट असतं ही ख्याती अशा थंड पाण्यातल्या जातींनी कमावली आणि उष्ण कटिबंधातल्या जातींच्या नावावर ती फुकट जमा झाली.

या उष्ण पाण्यातल्या जातींचा संसार वेगळा आहे. क्लाउनफिशला आसरा देणारी समुद्रफुलं आणि टाकीतले बहुतेक प्रवाळ आपल्या पेशींत सूक्ष्म शैवाल बाळगतात आणि त्याने उजेडावर बनवलेल्या अन्नावर बरेचसे जगतात. त्यामुळे दोघांना उजेड तेवढाच हवा, आणि म्हणून जागाही तीच हवी. प्रवाळ चिकटला तिथेच बसतो. समुद्रफूल मात्र बुडाचा पाय सैल करून सरकतं, आणि त्याच्या वाटेतला प्रवाळ त्याच्या दंशपेशींनी भाजून निघतो. कधी ते पंपाच्या जाळीत ओढलं जातं, चिंध्या होतात, आणि कुजलेल्या मांसाने सकाळपर्यंत सगळी टाकी दुधी पडते. प्रवाळही गरीब नाहीत: कठीण प्रवाळ रात्री लांब स्पर्शिका सोडून शेजाऱ्याला डंख मारतात, तर मऊ प्रवाळ पाण्यात विषारी रसायनं सोडतात. खुल्या समुद्रात ही रसायनं वाहून जातात. शंभर लिटरच्या पेटीत ती तिथेच फिरत राहतात. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१मध्ये जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवून दाखवले. पुढे जर्मनांनी प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसातून घाण उपसणारं यंत्र, आणि प्रखर दिवे जोडले. नीट पाहिलं तर मोलकरणीच्या हातापासून स्किमरपर्यंतची ही सगळी साधनं एकाच गोष्टीची उसनी भर आहेत, ती म्हणजे पाण्याची ये-जा.

यावर पहिला आक्षेप असा, की निसर्गात दोघं शेजारी राहतातच. राहतात, आणि त्यासाठी लांब जायला नको. जुहू आणि कार्टर रोडच्या खडकांवर ओहोटीला समुद्रफुलं दिसतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’च्या किनारफेऱ्यांतून २०१७पासून ती हजारोंना दाखवली गेली आहेत. मुंबईच्या खडकांना प्रवाळही आहेत, आणि त्यातल्या काहींना शैवालाची गरज नसल्याने गढूळ पाणी त्यांना चालून जातं. पण इथे उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, दिवसातून दोनदा. असा शेजार पेटीत दाखवायचा तर पेटीत समुद्रच हवा. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अनेकांच्या टाक्यांत दोघं वर्षानुवर्षं सुखाने आहेत. खरं आहे. मात्र ते कसं जमतं ते पाहा. टाकी आधी कित्येक महिने मुरू देतात, पंपांना जाळी लावतात, बबल-टिपसारखी टाकीतच दुभंगून वाढलेली जात निवडतात, तिला वाळूने वेढलेला स्वतंत्र खडक देतात आणि ती जागा धरून बसल्यावरच प्रवाळ लांब मांडतात. म्हणजे एकाच काचेआड दोन वेगळ्या वस्त्या. छोट्या टाकीत एवढी मोकळी वाळू सोडली तर प्रवाळांना उरतं काय? मरीन ड्राइव्हवर १९५१मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने मुंबईकराला काचेआडच्या समुद्राचं वेड लावलं खरं, पण तिथे काचेमागे कर्मचारी होते आणि यंत्रणाही. घरी आलं ते फक्त चित्र.

आता हिशेबात कायदाही आला आहे. २००१मध्ये सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले; थिनबाईंनी टॉर्कीला केलं ते आज जुहूच्या खडकावर केलं तर तो गुन्हा ठरेल. ठरावाही, कारण ब्रिटनच्या किनाऱ्यांचं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. मुंबईत किनारी रस्त्यासाठी २०२०मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या प्रवाळांच्या १८ वसाहती हलवल्या, तेव्हा वन्यजीव खात्याची परवानगी लागली आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे तज्ज्ञही लागले. समुद्रफुलं २००१च्या त्या यादीत नव्हती. भरतीने ज्यांना एका खडकावर नांदवलं, त्यांतल्या एकालाच कायद्याने ओळखलं.