डिलिंजर : इतिहासांतला व पडद्यावरचा

जॉन डिलिंजर या अमेरिकन दरोडेखोरावर जे बोलपट निघाले, त्यांत जॉन मिलियस यांनीं १९७३ सालीं दिग्दर्शित केलेला ‘डिलिंजर’ हा विशेष रक्तरंजित म्हणावा लागेल. वॉरन ओट्स यांनीं त्यांत दरोडेखोराची, आणि बेन जॉन्सन यांनीं त्याच्या पाठलागावर असलेल्या मेल्व्हिन पर्व्हिस या सरकारी अधिकाऱ्याची भूमिका केली आहे. दोघेही कसलेले नट असून दोघांचींही कामें उत्तम वठलीं आहेत. कलाकृति म्हणून या बोलपटाचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु येथें आम्हांस विचार करावयाचा आहे तो निराळ्या गोष्टीचा. ज्या इतिहासाच्या आधारावर ही कथा उभी राहिली, त्या इतिहासाचें पडद्यावर काय झालें?

प्रथम त्या काळाकडे पाहूं. १९२९ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, आणि १९३० ते १९३३ या चार वर्षांत अमेरिकेंत सुमारें ९,००० बँकांचे दरवाजे बंद झाले. कोणाची म्हातारपणाची पुंजी गेली, कोणाचें गहाण पडलेलें शेत लिलांवांत गेलें. मार्च १९३३ मध्यें रूझवेल्ट अधिकारावर आले, तेव्हां त्यांना देशांतील झाडून साऱ्या बँका कांहीं दिवस बंद ठेवाव्या लागल्या. ज्यांना आपण विश्वासानें पैसा दिला त्यांनींच आपणांस बुडविलें, अशी लोकांची भावना झाली होती. अशा वेळीं कोणी उठून बँकच लुटली, तर लोकांस तो चोर न वाटतां आपला सूड उगवणारा वाटावा, यांत नवल नाहीं.

डिलिंजर नेमका याच वेळीं तुरुंगांतून बाहेर पडला. त्याचा जन्म १९०३ सालीं इंडियानापोलिस येथें झाला. १९२४ सालीं मूर्सव्हिल गांवांतील एका वाण्यावर हल्ला करून त्यास लुटण्याचा त्यानें प्रयत्न केला, आणि त्याबद्दल त्यास दहा ते वीस वर्षांची शिक्षा झाली. सुमारें नऊ वर्षें भोगून मे १९३३ मध्यें तो सुटला. तुरुंगांत त्यास पक्क्या दरोडेखोरांची संगत लाभली होती. तीच त्याची पाठशाळा! पुढची त्याची सारी ‘कीर्ति’ अवघ्या चौदा महिन्यांची आहे.

ऑक्टोबर १९३३ मध्यें तो ओहायो संस्थानांतील लायमा येथें कैदेंत असतां त्याचे जुने तुरुंगमित्र त्यास सोडविण्यास आले. शेरीफ जेस सार्बर यांस त्यांनीं गोळी घातली, त्यांच्या पत्नीस कोठडींत कोंडलें, व आपल्या दोस्तास घेऊन ते निघून गेले. सार्बर मरण पावले. जानेवारी १९३४ मध्यें ईस्ट शिकागो येथील बँकेच्या लुटींत विल्यम ओमॅली हा पोलीस मारला गेला; तो खून डिलिंजरवर ठेवण्यांत आला, पण खटला कधींच चालला नाहीं. कारण ३ मार्च रोजीं तो क्राउन पॉइंटच्या तुरुंगांतून पळाला. लांकडाच्या खोट्या पिस्तुलानें त्यानें पहारेकऱ्यांस धाक घातला, अशी त्या पलायनाची ख्याति आहे. जातांना त्यानें खुद्द शेरीफचीच मोटार पळविली आणि ती संस्थानाची सीमा ओलांडून इलिनॉयमध्यें नेली. चोरलेली मोटार सीमेपार नेणें हा मध्यवर्ती सरकारच्या कायद्याखालील गुन्हा असल्यामुळें आतां वॉशिंग्टनची गुप्तपोलीस कचेरीही त्याच्या मागें लागली.

या कचेरीचें कर्तृत्वही निष्कलंक नव्हतें. एप्रिल १९३४ मध्यें विस्कॉन्सिनच्या रानांतील ‘लिट्ल बोहीमिया’ नामक विश्रामगृहावर तिच्या लोकांनीं रात्रीं छापा घातला. अंधारांत मोटारींतून बाहेर पडणाऱ्या साध्या गिऱ्हाइकांवरच त्यांनीं गोळ्या झाडल्या. एक निरपराध माणूस मेला, दोघे जखमी झाले, आणि दरोडेखोर मात्र मागल्या बाजूनें सहीसलामत निसटले. त्याच रात्रीं ‘बेबी फेस’ नेल्सन यानें एका सरकारी अंमलदाराचा प्राण घेतला.

शेवट सर्वांस ठाऊक आहे. २२ जुलै १९३४ च्या रात्रीं शिकागोच्या ‘बायोग्राफ’ थिएटरांतून बाहेर पडतांच डिलिंजर पोलिसांच्या गोळ्यांनीं मेला. आंत तो पाहत होता तो बोलपटही गुन्हेगाराचाच. ‘मॅनहॅटन मेलोड्रामा’ या चित्रांत क्लार्क गेबल हा गुंड नायक हंसत हंसत वधस्तंभाकडे जातो!

डिलिंजरनंतर ऑगस्टांत त्याचा साथीदार व्हॅन मीटर मारला गेला, ऑक्टोबरांत ‘प्रिटी बॉय’ फ्लॉइड, नोव्हेंबरांत नेल्सन. इतिहासांतील क्रम हा असा आहे. १९७३ च्या बोलपटांत मात्र हे तिघेही आधीं मरतात व डिलिंजर सर्वांत शेवटीं. पुढें २००९ सालीं मायकल मान यांनीं ‘पब्लिक एनिमीज’ काढला, त्यांतही तीच उलटापालट आहे. दोन निराळ्या दिग्दर्शकांनीं एकच फेरफार करावा, याचें कारण उघड आहे. नायक शेवटीं मेला पाहिजे! त्याच्यानंतर कोणी जगत राहिलें, तर प्रेक्षकांच्या मनांत त्याचें मरण म्हणजे एका युगाचा अंत ठरत नाहीं.

कोणी म्हणेल, नाटककारानें इतिहासाच्या तारखा मोडूं नयेत काय? खुशाल मोडाव्यात, तेवढ्यासाठीं आम्ही भांडणार नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. एकदां सारी कथा नायकाच्या मरणाकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे इतरांचीं मरणें त्या वाटेवरच्या कमानी होतात. सार्बर पडतात, ओमॅली पडतो, पण प्रेक्षकाची नजर पुढें धांवत असते. हा दोष बंदीनें नाहींसा होत नाहीं. मार्च १९३४ मध्यें चित्रनिर्मात्यांच्या संघाचे प्रमुख विल हेज यांनीं डिलिंजरवर चित्र काढण्यास मनाई केली होती. परंतु १९४५ सालीं ‘मोनोग्राम’ या लहानशा कंपनीनें लॉरेन्स टियर्नी यास घेऊन तें काढलेंच.

आणखी एक गोष्ट पडद्यावर कधींच दिसत नाहीं. जून १९३३ मध्यें, म्हणजे डिलिंजर सुटून आल्यानंतर थोड्याच दिवसांत, अमेरिकन सरकारनें बँकांचा नवा कायदा केला. आणि १ जानेवारी १९३४ पासून प्रत्येक ठेवीदाराच्या २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवीस विम्याचें संरक्षण मिळालें. त्या सबंध सालांत विमा उतरलेल्या बँकांपैकीं बुडाल्या केवळ ९. ज्या महिन्यांत डिलिंजरची नांवें वर्तमानपत्रांत झळकत होतीं, त्याच महिन्यांत गरिबाच्या पुंजीचें रक्षण एक रुक्ष कायदा करीत होता. डिलिंजरनें लुटलेल्या पैशानें बुडालेल्या ठेवीदारांचा वर्ग सांवरला नाहीं. तो सांवरला या कलमांनीं. पण कलमांना चेहरा नसतो, आणि त्यांवर बोलपट निघत नाहींत.

म्हातारी मेल्याचें दुःख नाहीं, पण काळ सोकावतो, अशी आपली म्हण आहे. डिलिंजरच्या गोष्टींत लोकांस म्हातारी दिसलीच नाहीं, आणि काळ तर नायक होऊन बसला. ‘डिलिंजर’ बोलपट वाचकांनीं अवश्य पाहावा. मात्र लायमाच्या तुरुंगांत कोठडीच्या गजांआड कोंडलेल्या त्या स्त्रीचीही आठवण ठेवावी. तिचा पति काहीं पावलांवर प्राण सोडीत होता, आणि त्या रात्रीं सुटका झाली ती एकट्या डिलिंजरची.