लूट

दिवाळीच्या आगेमागे आमच्या सातारा-सांगलीकडचे कोणतेही वर्तमानपत्र उघडा. ‘लूट’ हा शब्द त्यात हटकून भेटतो. एका पानावर खासगी गाडीवाल्यांनी भाडे वाढवून अडल्यानडल्या प्रवाशांची लूट मांडलेली असते. दुसऱ्या पानावर काटामारीने ऊसवाल्याची लूट होते. खेळांच्या पानावर मात्र आमच्या मुली पदकांची लयलूट करतात, आणि महाबळेश्वरला आलेले पाहुणे थंडीचा आनंद लुटतात. शब्द एकच, कुठे शिवी होतो, कुठे शाबासकी.

इतिहास शिकवताना हा शब्द मला दरवर्षी अडवतो. सुरतेचा धडा आला की एखादे पोर विचारतेच, “गुरुजी, लुटणं वाईट ना? मग महाराजांनी सुरत का लुटली?” मग पुण्यात तळ ठोकून बसलेला शाहिस्तेखान सांगावा लागतो. जवळजवळ तीन वर्षे त्याच्या फौजेने स्वराज्याचा मुलूख उजाड केला होता. त्याची भरपाई 1664 साली मोगलांच्या श्रीमंत बंदरातून वसूल झाली. पोराला ते पटते. पण प्रश्न काही संपत नाही.

इंग्रजांनी तर हा शब्दच हिंदुस्थानातून उचलला. त्यांच्या कोशात ‘लूट’ आजही आहे. गंमत अशी, की स्वतःच्या करणीला मात्र त्यांनी निराळे नाव ठेवले. 1817-18 च्या लढाईत पेशवाई बुडाली, साताऱ्याचा किल्लाही त्यांच्या हाती गेला. त्या लढाईत जे धन त्यांच्या फौजेने घेतले, त्याला त्यांनी ‘डेक्कन प्राइझ’ म्हटले. प्राइझ म्हणजे बक्षीस! बाजीरावाचा प्रसिद्ध नाशिकचा हिरा त्यातच गेला. पुढे वाटणीवरून त्यांच्याच सेनापतींमध्ये कितीतरी वर्षे वाद चालला. पण ‘लूट’ हा शब्द काही त्यांच्या हिशेबाच्या वहीत शिरला नाही.

आता आपल्याच गावशिवारातली गोष्ट पाहा. सातारा जिल्हा तेव्हा एकच होता. सांगली जिल्हा त्यातूनच पुढे निघाला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे ते दिवस. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ तूफान सेनेच्या तरुणांनी रुळांवर दगड रचून आगगाडी थांबवली आणि सरकारी नोकरांच्या पगाराची रक्कम नेली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ लाड हे कुंडलचे वीर त्यात पुढे होते. पुढच्याच वर्षी, 14 एप्रिल 1944 रोजी, धुळ्याकडे चिमठाण्याजवळ साडेपाच लाखांचा सरकारी खजिना क्रांतिकारकांनी घेतला. त्यात वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी होते. सरकारच्या लेखी हे दरोडे. आपण मात्र अभिमानाने म्हणत आलो, ‘शेणोलीची गाडी लुटली, धुळ्याचा खजिना लुटला.’

पण कॅप्टन भाऊंना हा अभिमानाचा शब्दही रुचत नसे. नव्वदी उलटल्यावरही ते सांगत, की आम्ही गाडी लुटली असे म्हणणे बरोबर नाही. इंग्रजांनी इथल्या माणसांचा जो पैसा चोरला होता, तो आम्ही परत आणला. 2022 साली ते गेले. ज्या सरकारने त्यांना दरोडेखोर ठरवले, ते त्यांच्या डोळ्यांदेखत गेले होते. शब्द तेवढा मागे राहिला, आणि तोही आपल्याच तोंडी.

म्हणून शब्द टाकून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. दसऱ्याची कथा आठवा. रघुराजासाठी कुबेराने आपट्यावर मोहरांचा पाऊस पाडला. कौत्साने गुरुदक्षिणेपुरत्या मोहरा घेतल्या आणि उरलेल्या लोकांना लुटू दिल्या. तेव्हापासून आपण सोने लुटतो, ते घरात कोंडून ठेवायला नव्हे. दारोदार जाऊन वाटायला. शेणोलीचा पैसाही चळवळीच्या आणि गोरगरिबांच्या कामी आला, कुणाच्या माडीला लागला नाही.

मुलांना मी आता एवढेच सांगतो: बातमीत ‘लूट’ दिसली, की धन मुळात कोणाचे होते आणि शेवटी कोणाच्या घरी गेले ते शोधा. गाडीभाड्याची बातमी असो, उसाच्या काट्याची असो की डेक्कन प्राइझची, शब्दाचा खरा अर्थ तिथे लागतो. कोशात तो अर्धाच असतो.