पंक्तींतील पान

शेरलॉक होम्स हा मनुष्य प्रत्यक्षांत कधींच जन्मास आला नाहीं. परंतु त्याचा वाढदिवस १९३४ सालच्या जानेवारींत न्यूयॉर्क शहरीं थाटानें साजरा झाला. तो साजरा करणारे क्रिस्टोफर मोर्ले हे नामांकित लेखक असून, होम्सच्या कथांवर जीव टाकणाऱ्या स्नेह्यांचा मेळा त्यांच्याभोंवतीं जमला होता. कथांतला होम्स लंडनच्या रस्त्यांवरील उनाड पोरांकडून टेहळणीचें काम करून घेई व प्रत्येकास एक शिलिंग देई. त्या टोळीचें 'बेकर स्ट्रीट इर्रेग्युलर्स' हें नांव या मंडळींनीं आपल्या मंडळास घेतलें. मित्रांच्या गप्पांतून निघालेल्या या मंडळांत परका मनुष्य आपला कसा होई, हा इतिहास मौजेचा आहे. पण सर्वस्वी मौजेचा नाहीं.

एल्मर डेव्हिस या पत्रकारानें मंडळाची घटना लिहिली आणि ती त्याच वर्षीं फेब्रुवारींत 'सॅटरडे रिव्ह्यू ऑफ लिटरेचर' या साप्ताहिकांत छापून आली. सभासद होण्याच्या अटी दोन. 'पवित्र ग्रंथां'च्या, म्हणजे होम्सच्या ४ कादंबऱ्या व ५६ कथा यांच्या, परीक्षेंत उत्तीर्ण व्हावें ही पहिली; आणि इतर दृष्टींनींही मनुष्य योग्य वाटावा ही दुसरी. पहिल्या अटीला अभ्यासक्रम होता, दुसरीला नव्हता. परीक्षा घेणारा एक आणि प्रवेश देणारा दुसरा असला म्हणजे काय होतें, हें ज्यांनीं शाळा पाहिल्या आहेत त्यांस सांगावयास नको.

परीक्षा मे महिन्यांत झाली. मोर्ले यांचे बंधु फ्रँक यांनीं होम्सच्या कथांवर एक शब्दकोडें रचलें. तें त्याच साप्ताहिकांत प्रसिद्ध झालें, आणि जे तें बिनचूक सोडवतील ते मंडळाचे, असें ठरलें. यापरतें निःपक्षपाती द्वार कोणतें? तेथें कुळ विचारावयाचें नव्हतें, कीं कोणाची शिफारस आणावयाची नव्हती. कोडें सोडविणाऱ्यांत कांहीं स्त्रियाही होत्या. परंतु ७ डिसेंबर १९३४ रोजीं ख्रिस्त चेला यांच्या खाणावळींत मंडळाचें भोजन झालें, तेव्हां पानें मांडलीं गेलीं तीं पुरुषांचींच. रंगभूमीवर होम्स गाजविणारे वृद्ध नट विल्यम जिलेट त्या पंक्तीस होते. कोडें सोडविणाऱ्या बायका मात्र नव्हत्या.

मंडळाची खरी रीत कोड्याहून सूक्ष्म होती. होम्स व वॉटसन हे खरेच होऊन गेले आणि कॉनन डॉईल हे केवळ वॉटसनचे वाङ्मयीन मुखत्यार, असें धरून सारें बोलणें चाले. वॉटसनला युद्धांत लागलेली गोळी एका कथेंत खांद्याला आहे, तर दुसरींत पायाला. लेखकाची नजरचूक म्हणून हंसणारा मनुष्य बाहेरचा ठरे; मुद्रा गंभीर ठेवून, मूळ वचनें काढून, दोन्ही स्थळांचा मेळ घालणारा आंतला. आमच्या टीकाकार शास्त्र्यांना हा खेळ परका वाटला नसता. एडगर स्मिथ हे जनरल मोटर्स कंपनींतले मोठे अधिकारी. या वर्तुळांत ते मागाहून आले आणि पत्रव्यवहाराच्या बळावर असे रुजले कीं, मध्यें खंडित झालेलें भोजन १९४० पासून त्यांच्याच व्यवस्थेनें चालूं लागलें, व १९४६ सालीं मंडळाचें त्रैमासिकही त्यांनींच काढलें.

रेक्स स्टाउट या कादंबरीकाराची गोष्ट तर फारच बोलकी आहे. १९४१ च्या भोजनांत त्यांनीं उठून सांगितलें कीं, वॉटसन ही स्त्री होती! वॉटसनचींच वाक्यें पुढें मांडून व कथांच्या शीर्षकांचीं आद्याक्षरें जुळवून त्यांनीं तें 'सिद्ध'ही केलें. मंडळी खवळली, पण पाखंड कां होईना, तें ग्रंथाच्या आधारानें मांडलेलें होतें. स्टाउट पुढें मंडळाचें भूषण झाले. वॉटसनला स्त्री ठरविणारें हें भाषण जेथें झालें, त्या पंक्तीला स्त्रियांना मज्जाव होता, हें तेव्हां कोणास खटकल्याचें दिसत नाहीं.

पुढें गांवोगांव शाखा निघाल्या आणि नवख्यांना तेथें अंग रुळवून घेण्याची सोय झाली. जुन्यांना कथांतलें एखादें नांव व एक शिलिंग देऊन दीक्षा देण्याची चालही पडली. १९५८ सालीं लेनोर ग्लेन ऑफर्ड या लेखिकेस ती अपवाद म्हणून मिळाली; भोजनाचें दार मात्र बंदच राहिलें. दरसाल एका बाईचा गौरव करून भोजनापूर्वीं तिला निरोप देण्याचा एक शिष्टाचार होता. पाहुणीला उंबऱ्यावर हळदकुंकू लावून परत धाडावें, तसाच! १९६८ च्या जानेवारींत अल्बर्टस मॅग्नस कॉलेजच्या कांहीं विद्यार्थिनी भोजनगृहाबाहेर थंडींत निषेधाचे फलक घेऊन उभ्या राहिल्या. त्यांनीं स्वतःचें मंडळ उभारलें, ग्रंथ त्याच निष्ठेनें घोकले, लेख लिहिले. आंतल्यांना ते लेख वाचावे लागत होते.

अखेर १९९१ सालीं स्त्रियांना रीतसर दीक्षा मिळाली. त्यांत रस्त्यावर उभ्या राहिलेल्यांपैकीं एव्हलिन हर्झोग होत्या, डॉईल यांच्या कन्या डेम जीन होत्या, होम्सला १९३० सालीं अमेरिकन रेडिओवर आणणाऱ्या एडिथ मायझर होत्या. आणि कॅथरीन मॅकमहॉन या वृद्ध बाई होत्या. १९३४ च्या मे महिन्यांतलें तें शब्दकोडें त्यांनीं तेव्हांच सोडविलें होतें.